पऱ्हाटीतली फिल्म

“हात हालवू नोको, वाकू नोको, मंग कापूस येचू कशी?” पऱ्हाटीत उभ्या बयनाबाईनं सुनेला विचारलं.

“आत्याबाई, सर सांगतीन तसं करा. आजच्या दिवस.”

“आजच्याच दिवस. निवड झाली तं जा हैदराबादले. नाई झाली, तं दुसऱ्याच दिवसापासून माह्या बाजूच्या तासात कापूस येचाले उभी राह्यजो.”

चंद्रभागेला हे नवं नव्हतं. हे बोलणं घरात महिनाभर सुरू होतं. पैनगंगेच्या पलीकडून, पांढरकवड्याकडून लग्न होऊन ती जैनथजवळच्या या तेलुगू मुलखातल्या गावात आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात आदिलाबादला एका संस्थेनं बायकांसाठी फिल्म काढायचा वर्ग उघडला आणि नवऱ्यानं, खुशालनं, तिचं नाव घातलं. सासूचं म्हणणं एकच: कॅमेरा धरून काय पोट भरते? पण चंद्रभागेला त्या यंत्रानं पार येडं केलं होतं. काचेतून पाहिलं की रोजची माणसंही नवी दिसत. सर्वांत चांगली फिल्म काढील तिला पुढं हैदराबादला शिकायला मिळणार होतं. हे सुटलं तर आपला जीव कशातच लागणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वर्गातल्या बाकी बायका तेलुगू. राजलिंगम सरही तेलुगूच. हिंदी बोलायचे, पण ठेचकाळत, आणि घाई झाली की सरळ तेलुगूवर यायचे. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून वर्गात सगळा सराव रिकाम्या कॅमेऱ्यावर. खरी कॅसेट प्रत्येकीला एकच, आणि तिच्यात काय उतरलं ते शेवटच्या दिवशी घरच्या माणसांसमोरच टीव्हीवर पाहायचं. गावातली माणसं बुजू नयेत म्हणून कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर सरांनी काळी चिकटपट्टी मारली होती. बयनाबाईच्या लुगड्याला एक बिनतारी माइक खोचून दिला, आणि चंद्रभागेला दूर बांधावर नेऊन उभं केलं.

“मोदलु!” सर ओरडले.

मोदलु म्हणजे तयार व्हा, एवढं चंद्रभागेनं त्यांच्या हातवाऱ्यांवरून ताडलं होतं. तिनं कॅमेरा खांद्यावर नीट बसवला. तिकडं बयनाबाई ताठ झाली. एक बोंड गालाजवळ धरून तिनं असं काही हसू आणलं, की बाजूच्या तासात, म्हणजे शेजारच्या ओळीत, वेचणाऱ्या सखूबाईला पदरात तोंड घालावं लागलं.

“माझे नाव बयनाबाई. मी कापूस वेचते,” ती शाळेतल्या पोरीसारखी ओरडली.

“चालु!” सर म्हणाले.

चंद्रभागेनं बटन दाबलं. सर निवांत बाभळीखाली जाऊन पाणी पिऊ लागले. आपल्यावर एवढा भरवसा टाकला, म्हणून तिला फार बरं वाटलं.

आणि काय नवल! इतका वेळ खांबासारखी उभी असलेली बयनाबाई एकदम सैल पडली. गालाजवळचं बोंड ओटीत गेलं, पदर कमरेला खोचला गेला, आणि दोन्ही हातांनी झपाझप वेचत बाई निघाली. तोंडाची टकळी सखूबाईशी.

दर वेळी असंच. सर मोदलु म्हणत, चंद्रभागा बटन बंद करून नव्या जागेची तयारी करी, आणि सासूची बाहुली होई. सर चालु म्हणत, चंद्रभागा बटन दाबी, की सासू पुन्हा माणसात. आपल्या हाताला गुण आहे बाप्पा, असं चंद्रभागेच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. शेवटच्या वेळी तर सखूबाईशी बोलता बोलता सासूनं डोळे पुसलेले तिला काचेतून दिसले. काय बोलत होत्या, ते तेवढं बांधावर ऐकू आलं नाही.

ते ऐकू आलं शेवटच्या दिवशी, आदिलाबादच्या वर्गात, टीव्हीवर. पहिल्या रांगेत खुशाल आणि बयनाबाई. आधी इतर बायकांच्या फिल्मा झाल्या. सगळ्यांतली माणसं ताठ उभी राहून नाव-गाव सांगत होती, आणि बघणारे जांभया देत होते. मग चंद्रभागेची कॅसेट लागली. खुर्चीत रेललेले राजलिंगम सर सरळ होऊन बसले.

“अवं, हे कवा घेतलं?” बयनाबाई किंचाळली. लाजली असेल, असं चंद्रभागेला वाटलं.

टीव्हीत सखूबाई विचारत होती, “काऊन वं बयना, सुनीले रोज बोलतं, अन् आज तिच्यासाठी नवं लुगडं नेसून आली?”

“बोलू नोको तं काय करू? तोंडावर वाखाणलं तं हवेत जाईन. पन लेकरू मोठं जिद्दीचं हाय. मले कोनी शिकू देल्लं नाई, सखू. हे शिकून राह्यली, तं मले वाटते, मीच चाल्ली शाळेत.” आणि तिनं कापसाच्याच हातानं डोळे पुसले.

चंद्रभागेला समोरचं काही दिसेना, इतकं रडू आलं तिला. बयनाबाई खाली मान घालून लुगड्याचा काठ चिवडत बसली होती.

हैदराबादला कोण, हे ठरवायला संस्थेच्या बाईंना वेळ लागला नाही. टाळ्या वाजल्या. खुशालच्या सर्वांत मोठ्या. बयनाबाईनं नाक ओढलं आणि “मंग जाय आता,” एवढंच म्हणाली.

राजलिंगम सर पुढं आले. इतकी वर्षं शिकवतोय, त्यांनी हिंदीत विचारलं, पण कॅमेऱ्यासमोर माणूस इतका मोकळा झालेला पाहिला नाही, कसं जमवलंस?

“मी काहीच नाही केलं, सर,” चंद्रभागा डोळे पुसत खरं तेच म्हणाली. “तुम्ही चालु म्हटलं, की मी बटन दाबायची.”

सरांचं तोंड उघडं ते उघडंच. मग मागच्या रांगेतल्या तेलुगू बायका अशा हसत सुटल्या, की त्यांना काही आवरेना. चंद्रभागा बावरून एकेकीकडं पाहू लागली. बयनाबाईनं कपाळावर हात मारला.

“अवं माय! तेलगूत चालु म्हंजे पुरे वं!”