सायफोडेंच्या घरातली साय

सायफोडेंनी शेवटी ते दूध प्यायलं. एक नाही, दोन पेले, आणि मिशीला लागलेलं जिभेने पुसलंसुद्धा. पण हे घडलंच नाही, असं घरात एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा आपणही घडलं नाही असं धरू आणि बाटली घरात आली तिथून सुरू करू.

बाटली सुनेने आणली. काचेची, जाड बुडाची, गळ्याशी पिवळसर सायीचा थर.

"सेंद्रिय आहे," ती म्हणाली. "आणि होमोजिनाइज्ड नाही. म्हणजे साय फोडलेली नाही. गायीने दिलं तसंच्या तसं."

"गाय बाटलीत देते का?" सायफोडेंनी विचारलं.

"बाबा, तुम्ही सुरू होऊ नका हं," मुलगा म्हणाला.

सायफोडे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. डेअरीत सगळा जन्म त्यांनी एकाच यंत्रावर काढला. दूध प्रचंड दाबाने एका बारीक फटीतून जायचं आणि सायीचे कण असे फुटायचे, की साय पुन्हा म्हणून डोकं वर काढायची नाही. यंत्र इतकं जुनं, की ते बनवणारा कारखानाही आता उरला नव्हता. निरोपाच्या दिवशीसुद्धा सायफोडे ते उघडून पुसत बसले होते. सहकाऱ्यांनी त्यांना हात धरून ओढत केक कापायला नेलं, भाषणं ठोकली, भिंतीवरचं घड्याळ हातात दिलं आणि अंगावरच्या निळ्या कोटासकट घरी पाठवलं.

तो कोट सुनेने धुतला, नेहमीसारखे आधी खिसे उलटे करून. सासऱ्यांच्या खिशांवर तिचा अर्धा संसार चालायचा. न्हाणीघराचा पडदा त्यांच्या खिशातल्या चकत्यांवर लटकत होता आणि स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्याच खिळ्यावर अडकत होती.

बाटली आल्यावर नातीने मागचा मजकूर वाचून काढला.

"आजोबा, म्हणजे तुम्ही दूध बिघडवायचात?"

"बिघडवत नव्हतो गं. सारखं करत होतो. एकाच्या वाटणीला साय आणि दुसऱ्याच्या वाटणीला पाणी, असं होऊ नये म्हणून."

"पण मला सायच हवी."

पूर्वी ती वर्गात सांगायची, "माझे आजोबा सगळ्या शहराचं दूध करतात." आता सांगायला लागली, "आजोबा घरी असतात." सायफोडेंना बाकी काही नको होतं. ते पहिलं वाक्य परत हवं होतं.

निषेध म्हणून त्यांनी बाटलीला हात लावणं सोडलं. चहा बिनदुधाचा घ्यायला लागले. बाटली जेवणाच्या टेबलावर आपल्या ठरलेल्या जागी उभी असे आणि ते तोंड फिरवून जेवत.

"बाबा, जरा बाटली सरकवता का इकडे?"

"येईल तिची ती. नैसर्गिक आहे ना?"

मग एका सुट्टीच्या दिवशी बाटलीवाल्यांनी गिऱ्हाइकांना डेअरी बघायला बोलावलं. सायफोडेंना विचारलं नाही, गाडीत बसवलं. पेट्रोल पंपापाशी गाडी वळली तसे ते म्हणाले, "पुढे खड्डा आहे." खड्डा होता. फाटकाला नवा रंग होता, वर नवं नाव होतं आणि आत त्यांची जुनी डेअरी होती.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?" मुलाने हळूच विचारलं.

"मला फक्त खड्डा ठाऊक होता."

व्यवस्थापक नवा होता, कोवळा होता आणि त्यांना ओळखत नव्हता. "आमच्या गायी फक्त कुरणावर चरतात," तो म्हणाला.

"पहिल्यापासूनच," सायफोडे पुटपुटले. "पेंड परवडायची कुणाला?"

दोरीपलीकडे त्यांचं यंत्र उभं होतं, धूळ खात. "आणि हे ते यंत्र, ज्याने वर्षानुवर्षं दुधाचा जीव घेतला," व्यवस्थापक म्हणाला. "पूर्ण विचारांती आम्ही ते कायमचं बंद केलं." पाटीवर बंद केल्याची तारीख होती. सायफोडेंच्या निरोपाच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे सगळे त्यांची पाठ वळायचीच वाट बघत होते.

नातीने त्यांच्या हातातून हात सोडवून घेतला. टाळ्या वाजवायला. सगळेच वाजवत होते. सायफोडेंनीही वाजवल्या, आपण एकट्यानेच न वाजवणं बरं दिसलं नसतं. मग तिने त्यांच्यापुढे पेला धरला. "एक घोट, आजोबा. माझ्यासाठी." त्यानंतर काय झालं, ते झालेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर निषेधाला काही अर्थ उरला नव्हता. ती बाटली त्यांनी पहिल्यांदाच उचलली, फ्रिजमध्ये ठेवायला. खाली एक जड, गोल पोलादी कडी होती, एका कडेला झिजलेली.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्या कोटातूनच की, बाबा. त्या शेवटच्या धुण्यात निघाली. बाटलीखाली इतकी बेतशीर बसते! टेबलावर ओल म्हणून उमटत नाही."

सायफोडे खाली बसले. यंत्र पुसायला घेतलं की फटीवरची कडी काढून खिशात टाकायची, पुसून झालं की परत बसवायची, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. तिच्याशिवाय यंत्र हूं की चूं करत नसे. त्या दिवशी मधेच केक आला होता.

सकाळी त्यांनी अर्ज लिहिला: "माननीय व्यवस्थापक यांस, सून बाटलीखालून काढू देत नसल्याने सदर कडी आपण समक्ष येऊन घेऊन जावी, यंत्र त्वरित सुरू करावे, आणि ते दुधाच्या हितासाठी नव्हे तर अर्जदाराच्या विसराळूपणामुळे बंद पडले होते, असे अर्जदाराच्या नातीच्या वर्गात सर्वांसमक्ष जाहीर करण्यात यावे, ही नम्र विनंती."