सतरा नंबरचा कॅन

पट्टीवर दुसरी रेघ उमटलीच नाही.

तिनं पट्टी उजेडाकडे धरली, खाली घेतली, झटकून पाहिली. झटकल्यानं रेघ येत नाही, हे दूध केंद्रातल्या तपासनीस बाईला कुणी सांगायला नको. दोन रेघा म्हणजे दूध चांगलं. एकच रेघ म्हणजे गाईला दिलेलं औषध दुधात उतरलंय. असला एक कॅन मोठ्या टाकीत गेला, की सगळ्यांचं दूध मातीमोल.

कॅन सतरा नंबरचा होता. सतरा नंबर म्हणजे तिचं स्वतःचं घर.

काउंटरपलीकडे तिचा दादा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांचा झोकदार कोंबडा, मान मोबाईलमध्ये.

"दादा, त्या तांबडीचं दूध घातलंस ह्यात?"

"कुठली तांबडी? तिन्ही तांबड्याच आहेत."

तिन्ही एका आईच्या लेकी, हे खरं. पण एकीच्या कपाळावर भोवरा होता, एकीचं शिंग वाकडं होतं आणि तिसरी धार काढताना पाय आपटायची. हे कळायला गोठ्यात जावं लागतं. ती रोज पहाटे साडेचारला जायची. शेण, पाणी, वैरण, धारा, मग दोन तांबे अंगावर ओतून सायकल दामटत साडेसहाला कामावर हजर. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमानं. आज केंद्रात नवं यंत्र बसणार म्हणून तासभर आधी बोलावलं होतं. वर्षात पहिल्यांदा तिनं धारा दादावर सोपवल्या. आजारी गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधली, आंधळ्यालाही दिसेल एवढी मोठी, आणि निघताना दोनदा बजावलं, "हिचं दूध वेगळं काढायचं आणि ओतून द्यायचं."

"चिंधी दिसली नाही तुला?"

"दिसली ना. सोडून ठेवली."

"सोडून ठेवली?"

"अगं, व्हिडिओ काढायचा होता. पायात ते फडकं किती घाण दिसतं! लोकांना वाटेल, गाय आजारी आहे."

"आजारीच आहे ती!"

"हळू बोल ना! परत बांधणारच होतो. पण तोवर कुठलीला होतं तेच विसरलो."

तिच्या तळपायाची आग थेट मस्तकात गेली. दादाचे व्हिडिओ तिला तोंडपाठ होते. 'नमस्कार मंडळी, ह्या माझ्या गाई.' मग पाठीवरून हात. मग गाईच्या गळ्याला मिठी. एकदा कोपऱ्यात तिचं कोपर आणि शेणाची पाटी आली, तर पठ्ठ्यानं सगळा व्हिडिओ नव्यानं काढला होता.

"काय गं," रांगेतून शिंपीणकाकू ओरडल्या, "आमचं दूध पापणी लवायच्या आत नापास करतेस आणि घरच्या कॅनला एवढा वेळ?"

"भाऊ आहे तो," मागून निवृत्त पोस्टमन म्हणाले. "त्याची तोंडी परीक्षा चाललीय."

रांग खो खो हसली. दादाही हसला, मग काउंटरवर वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "ओत की टाकीत. एवढ्या दुधात कुणाला काय कळतंय? नोंद केलीस तर आठ दिवस आपलं दूध बंद. माहितीय ना?"

नियम तिला माहीत नसेल तर कुणाला! दूध बंद झालं म्हणून गाईंची कास काही बंद होत नाही. आठ दिवस पहाटे उठायचं, तिघींच्या धारा काढायच्या आणि चांगलं दूधसुद्धा मातीत ओतायचं. ते कोण ओतणार, हे विचारायचीही गरज नव्हती.

तिचा हात टाकीच्या झाकणापर्यंत गेला. अगदी गेला. झाकण गार होतं. शिंपीणकाकूंचा एकुलत्या एका गाईच्या दुधाचा कॅन रांगेत पुढं सरकत होता. गेल्या महिन्यात ह्याच हातांनी तिनं तो परत पाठवला होता, आणि काकू पदर तोंडाला लावून गेल्या होत्या. तेव्हा कुणाला काय कळतंय, असं कुणी म्हणालं नव्हतं.

तिनं झाकण सोडलं आणि फळीवरची निळ्या रंगाची बाटली काढली. नापास दूध दुसरीकडे कुणी खपवू नये म्हणून त्यात तो रंग घालतात. बूच घट्ट बसलं होतं. तिनं ते दातांनी ओढलं.

"ए, ए, ए! वेडी झालीस का?"

निळी धार पांढऱ्यात शिरली, गोल फिरली आणि बघता बघता अख्खा कॅन निळा झाला.

"सतरा नंबर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "नापास. आठ दिवस बंद."

हसणं जागच्या जागी थांबलं. सगळ्या माना दादाकडे वळल्या. त्याचे कान लाल झाले. त्यानं एकदा मोबाईल खिशात घातला, एकदा बाहेर काढला आणि मग गर्रकन रांगेकडे वळला.

"माझ्याकडे काय बघताय? मला काय कळतंय त्यातलं? गाई हीच बघते! शेण, वैरण, औषधपाणी, धारा, पहाटेपासून सगळं हीच करते! मी नुसता कॅन आणतो!"

बाटलीतला रंग ओघळून तिचा हात मनगटापर्यंत निळा झाला होता.

"दादा," ती म्हणाली, "परत बोल. जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."