नवा खिळा

कारखान्यात ज्याची नोकरी जायची, तो चहाच्या खोलीतल्या खिळ्यावरचा आपला कप काढून घरी न्यायचा. मंदी आल्यापासून तीन खिळे रिकामे पडले होते. तिघांनाही एचआरवाल्या मॅडमनीच काढलं होतं. तेव्हापासून चहाच्या खोलीत जायचा मॅडमना धीर होईना. आज आपला कप घेऊन त्या आल्या, तर भिंत रिकामी! सगळे कामगार आपापला कप हातात धरून उभे. "आणखी एकाला काढलंत, तर आम्ही सगळेच निघालो," फिटरकाका म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "कोणालाच काढत नाही, काका. साहेबांना कसंबसं पटवलंय. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी बिनपगारी घरी बसायचं. मीसुद्धा." एक कप खिळ्यावर चढला, पाठोपाठ सगळे. मॅडमनी आपला रिकाम्या खिळ्याला अडकवला, तसा काकांनी तो काढून घेतला. "त्यावर नको. गेलेली पोरं परत येतील," म्हणत त्यांनी मॅडमसाठी नवा खिळा ठोकला.