पुस्तकातला नवरा

‘डॉक्टरांनी बुडून मृत्यू असं लिहिलं होतं. पण प्रयोगशाळेतल्या तपासनिसानं त्या बाईचे दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि तो थबकला. एवढ्या खोल खाणीत पडूनही हातातली एकसुद्धा काचेची बांगडी पिचली नव्हती. पडणारं माणूस हातपाय मारतं, दगडाला धरू बघतं. ही बाई पडलेली नव्हती. तिला आधी मारून मग पाण्यात सोडलं होतं.’

अंबिकानं पान उलटलं. समोर रेशनची लाल मिलो ज्वारी पाखडत बसलेल्या गोजरबाईचं सूप थांबलं.

"परत वाचा, वैनी."

"कुठून?"

"बांगड्यांपासून."

अंबिकानं परत वाचलं. ती पारनेरच्या हायस्कुलातल्या मास्तरांची बायको. वाचनालयातून रहस्यकथा आणायची आणि दुपारी धान्य निवडायला येणाऱ्या गोजरबाईला मोठ्यानं वाचून दाखवायची. या पुस्तकात ठशांचे, रक्ताचे, विषाचे तज्ज्ञ होते आणि त्या सगळ्यांना नाचवणारा, अजून नाव न कळलेला एक सूत्रधार होता. एरवी गोजरबाई मध्येच खुनी ओळखायची आणि त्याला शिव्या घालायची. आज ती सूप खाली ठेवून नुसती ऐकत होती.

आणि मग अंबिकाला आठवलं. गोजरबाईची थोरली लेक बनू सासरच्या विहिरीत गेली, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सगळे म्हणाले. विषय निघाला की गोजरबाई डोळे पुसत सांगायची, "माजी बनू भरल्या हातानं गेली. एक बांगडी पिचली न्हवती. हिरवागार चुडा." तेवढंच तिचं समाधान होतं. "भाग्याची हो," असं अंबिकाही म्हणायची.

तिनं पुस्तक मिटलं. "अहो गोजरबाई, ही कादंबरी आहे. मनानं रचलेली."

"त्यांची हीर लई खोल हाय, वैनी. कडंनं नुसता काळा दगूड." गोजरबाई स्वतःच्या हातांकडे बघत होती. "मीच न्हाऊ घातली तिला. या हातांनी. जावई, छगन, लई रडला हुता. मला म्हनला, मामी, लेकराला आई न्हाई. म्हून मी राहीला दिली."

राही धाकटी. बनूच्या तान्ह्या मुलीला सांभाळायला म्हणून त्याच घरात, त्याच नवऱ्याला दिलेली.

गोजरबाई उठली. पदर खोचला. "दुपारची यष्टी गावंल."

"अहो, थांबा! पुस्तक अजून निम्मं राहिलंय."

"मला कळलं," गोजरबाई म्हणाली आणि उंबरा ओलांडून गेली. सूप तसंच पडलं होतं.

राहिलेलं पुस्तक अंबिकानं त्याच संध्याकाळी संपवलं. चुलीवरचा भात करपला तरी ती उठली नाही. संशय नवऱ्यावर घट्ट होत गेला, त्याला फाशीही ठरली. आणि शेवटच्या पानांत सगळं उलटंपालटं झालं. नवरा निर्दोष होता. सूत्रधार प्रयोगशाळेचाच म्हातारा प्रमुख निघाला. त्यानंच बाईच्या हातातल्या फुटक्या बांगड्या काढून नव्या भरल्या होत्या. नवऱ्याला अडकवायला.

अंबिकानं उठून करपलेला भात उतरवला.

तिनं मास्तरांना सांगितलं. ते हसले. "कादंबरी ऐकून कुणी लेक माघारी आणतं का?" अंबिकाला हसू आलं नाही. पुढचे काही दिवस भांडी घासताना स्वतःच्याच बांगड्या पितळेवर वाजल्या की ती दचकायची. दुपारी डोळा लागला की काळ्या पाण्यातून कोपरापर्यंत भरलेला एक हिरवा हात वर यायचा. तो कुणालाही धरायला बघत नसायचा. नुसता वर यायचा.

गोजरबाई आली ती राहीला घेऊनच. राहीच्या मांडीवर बनूची मुलगी झोपली होती. राही खाली मान घालून ओट्यावर बसली. अंबिकानं दिलेला गूळही तिनं हातात तसाच धरून ठेवला.

"मला बरं न्हाई म्हून सांगितलं आन घिऊन आले," गोजरबाई म्हणाली. एवढ्याशा दिवसांत ती वाळून गेली होती. "पन आता समदी मला हसत्यात. म्हातारीला येड लागलं, पोरीचा संसार मोडती, म्हनत्यात. हिला इचारलं तर ही तोंड उघडंना. उद्या छगन न्यायला येतोय. म्हून तुमच्याकडं आले, वैनी. शेवटाला कोन निघालं? नवराच ना? तसं नसंल तर मी धाडून देते हिला. त्याच्या पाया पडंन आन धाडून देते."

पुस्तक वाचनालयात परत गेलं होतं. गोजरबाईला वाचता येत नव्हतं. हो म्हटलं तर एका माणसाला खुनी ठरवल्यासारखं होणार होतं. नाही म्हटलं तर उद्या राही त्या विहिरीवर पाणी शेंदायला जाणार होती.

"उन्हातून आलात. आधी पाणी प्या," अंबिका म्हणाली.

गोजरबाई पडवीतल्या माठाकडे वळली.

ती आड होताच राहीनं पहिल्यांदा मान वर केली. मांडीवरच्या पोरीच्या कानावर तिनं तळहात ठेवला.

"वैनी," ती अगदी हळू म्हणाली, "पुस्तकात कोन बी असू द्या. आईला सांगा, नवराच हुता."