वर्णाचा रकाना

“हा शब्द कोणी बदलला?”

श्यामसुंदरांनी वधूसूची मीनाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि सत्त्याऐंशीव्या नोंदीवर बोट टेकवले. वाशीतील त्या वधूवर सूचक मंडळात ते गेली सात वर्षे आपल्या नातीचे नाव नोंदवीत आले होते. आईवडिलांच्या पश्चात त्यांनीच वाढवलेली अबोली आता तेहतीस वर्षांची होती.

“मीच बदलला, सर,” मीनाबाई म्हणाल्या. “वर्णाच्या रकान्यात तुम्ही दरवर्षी ‘काळी’ लिहिता. असं कुणी लिहीत नाही हो. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, एवढंच चालतं. वीस वर्षांत माझ्याकडे एकही काळी मुलगी आलेली नाही. कागदावर, म्हणजे.”

“म्हणून तुम्ही ‘सावळी’ छापलेत. एखादा रोग झाकावा, तसे.”

“तिच्या भल्यासाठीच ना? सात वर्षांत एक फोन नाही, आणि या महिन्यात तीन स्थळं! तिघांनाही तुमचा नंबर दिला. काय झालं?”

“मी सत्य सांगितले. मुलगी सावळी नाही, काळी आहे. पहिले गृहस्थ ‘कळवतो’ म्हणाले. दुसऱ्यांनी वाक्य पुरे होण्याआधीच फोन ठेवला.” श्यामसुंदरांनी सूची मिटली. “एका शब्दाने माणसे अशी पळतात, मीनाबाई. ज्यांना मुलीची विद्या दिसत नाही, शील दिसत नाही, त्यांच्या हाती मी माझी नात द्यायची?”

“आणि तिसरं? जुईनगरचा इंजिनिअर. त्याची आई तर मला म्हणाली, रंगाचं काही टेन्शन नाही.”

“पत्रिका जुळली नाही.”

कोपऱ्यातील खुर्चीवर हौसेराव बसले होते. खाडीकाठच्या गावातले ते घरमालक, मुलासाठी, मिथुनसाठी, स्थळे चाळत होते. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिले.

“सर, आमचे गावात काली म्हंजे शेती, आनि पांढरी म्हंजे घरांची जागा. काली गेली, पांढरी रायली. आता पांढरीवर टावर उबा हाय, पन बापाला स्वप्नात कालीच दिसायची.”

“ऐका!” श्यामसुंदर ताठ बसले. “हे गृहस्थ जाणतात. ज्या मातीला आपण काळी आई म्हणतो, तिचेच अन्न खातो. मंगळसूत्रात सोने कितीही असो, सौभाग्य काळ्या मण्यांत. तान्ह्या बाळाच्या गालावर तीट काळी. संक्रांतीची चंद्रकला साडी काळी. माझ्या देवघरातला शाळिग्राम काळा. आणि खात्रीचे काही सांगायचे झाले, तर आपण म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ!”

“खरंय, सर.”

“मग पाप केले की तोंड काळे का होते? बाजार चोरीचा, तो काळा का? यादी नकोशांची, ती काळी का? ज्या शब्दाने देव पुजला, त्याच शब्दाने माणूस हिणवायचा, आणि मग मुलीच्या नावापुढे तो लिहायला लाजायचे! ही लाज शब्दाची नव्हे, आपल्या मनाची.”

“बरोबर बोलला सर,” हौसेराव म्हणाले. मग खाली पाहून पुटपुटले, “आमची बायको मातर गोरीच सून मागते. तिला कोन सांगल?”

मीनाबाईंना हसू आले नाही. त्यांचा स्वतःचा रंग सावळ्याहून गडदच होता. लग्नाच्या वयात त्यांनीही ‘निमगोरी’ म्हणून स्वतःची ओळख वाचली होती, आणि पाहायला आलेल्यांच्या नजरेत तो शब्द खोटा ठरताना पाहिला होता. या वृद्ध माणसाच्या संतापापुढे त्यांना आपला चांगुलपणा फार क्षुद्र वाटला.

“सर, चूक झाली. पण निदान एक फोटो द्या. रंग राहू दे, चेहरा तरी दिसेल.”

“नात आहे ती माझी. बाजारातला आंबा नव्हे, चारी बाजूंनी फिरवून पाहायला.”

“तिलाच एकदा घेऊन या. बोलले असते मी.”

“नोकरी करते. शिवाय घर तीच पाहते. माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून औषध, पथ्य, दुपारचे वाचन, सारे तिच्याकडे. तिला सवड कोठली?”

“अशी नात मिळायला नशीब लागतं.”

“लागते,” श्यामसुंदर म्हणाले.

मीनाबाईंनी संगणकावर नोंद उघडली. ‘सावळी’ खोडले, ‘काळी’ टंकले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. श्यामसुंदरांनी डोळे बारीक करून ते अक्षर अन् अक्षर वाचले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

“पुढच्या सूचीत हेच जाईल?”

“हेच जाईल. आणि कुणी नाक मुरडलं, तर तुमचं आजचं बोलणं मी त्याला ऐकवीन. तुमच्यासारखे चार आजोबा असते ना, सर, तर हा रकानाच उरला नसता.”

ते हात जोडून उठले. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

“आजोबा, किती वेळ? डोळ्यांत थेंब टाकायची वेळ झाली. खाली उभी राहून कंटाळले मी.”

“आलो, आलो. तू वर येऊ नकोस,” श्यामसुंदर घाईने दाराकडे वळले. पण तोवर दार उघडले होते.

“अबोली ना? ये ग, ये,” मीनाबाई खुर्चीतून उठल्या.

“नमस्कार, मावशी. आजोबा म्हणतात, दरवर्षी नाव नोंदवून येतात, पण मला कुणी विचारतच नाही. या वर्षी तरी कुणी विचारलं का हो?”

दारात उभी असलेली ती मुलगी केतकीसारखी गोरीपान होती.