साठ तासांचा खेळ

"हाती घेतलेलं काम माणसानं तडीस नेल्याशिवाय सोडू नये," असं कॅनडातल्या थंडर बेच्या कागद गिरणीतून निवृत्त झालेल्या आर्व्हो निएमीनं कॅल्गरीतल्या मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं, आणि नाताळात तिनंच दिलेल्या व्हिडिओ गेममध्ये आपण पुन्हा अडकलो आहोत, हेही त्याच दमात सांगून टाकलं. रविवार होता, सकाळचे आठ वाजले होते. एप्रिल उजाडला तरी दर रविवारी तो अडकतच होता.

"आता कुठे अडकलास, बाबा?" हेलीनं जांभई देत विचारलं.

"दलदलीत. किल्ल्याची वाट काही सापडत नाही."

"मागच्या रविवारी तर किल्ल्याच्या दारात होतास."

"मधे जरा मासे धरायला गेलो होतो."

"साठ तासांचा गेम आहे तो. लोक महिन्याभरात संपवतात."

"लोकांना घाई असते."

हेली थकल्या आवाजात म्हणाली, "बाबा, तू माझ्या मित्रयादीत आहेस. यादीतल्या कोणी गेम संपवला की माझ्या पडद्यावर दिसतं. तू अकरा फेब्रुवारीलाच संपवलास."

आर्व्होनं हातातला कॉफीचा कप हळूच खाली ठेवला. दोन महिने ही पोर त्याला वाटा सांगत होती.

"मग आता रविवारी..." तो चाचरला.

"अडकत जा की. फक्त जरा उशिरा अडकशील का? तुझ्याकडे आठ वाजतात तेव्हा इथे सहाच वाजलेले असतात."