सपाट जागा

तीन जागांपैकी सगळ्यात चांगल्या जागेवर आधीच एक तंबू उभा होता.

गाडी थांबताच ताईनं खिडकीतून मान बाहेर काढून तळं पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. पाणी खरंच निळं होतं आणि खरंच जवळ होतं. गेला महिनाभर तिनं कॅम्पवाल्यांना फोन करकरून भंडावून सोडलं होतं. ‘तळ्याकाठी’ अशी जाहिरात करणाऱ्या एकाकडे तळं म्हणे टेकडीवर चढून दिसायचं. दुसऱ्याकडे पाण्याला वास होता. तिसरा तर वैतागून म्हणाला, “बाई, तुम्हाला तंबू ठोकायचाय की बंगला बांधायचाय?” पण ती हटली नाही. भावाची कॅम्परगाडी, आत झोपायची आणि चुलीची सोय असलेली ती अजस्र गाडी, चिखलात रुतायला नको होती. भाचीला खेळायला काठाशी उथळ पाणी हवं होतं. आणि भावाच्या ऑफिसातला कोण तो मित्र येणार होता, त्याला सपाट जमीन हवी होती.

“बिचाऱ्याची पाठ धरते गं,” भाऊ म्हणाला होता. म्हणून झाडाखालची सपाट जागा तिनं त्या न पाहिलेल्या मित्राला देऊन टाकली. स्वतःसाठी उतारावरची, मुळं वर आलेली ठेवली. एका माणसाला काय, कुठेही झोपता येतं.

“तुझा मित्र आलेला दिसतोय,” ती म्हणाली.

भाऊ गाडी मागेपुढे घेत राहिला. गाडी सरळच उभी होती. भावजयीला एकदम पिशवीत काहीतरी सापडेनासं झालं.

ताई आपला तंबू काखेत मारून उतरली. दोन खुंट्या ठोकून झाल्यावर तिचं लक्ष शेजारी गेलं. जुना, विटका तंबू. दाराजवळ पिवळं ठिगळ. आडवेतिडवे, घाईचे टाके.

ते टाके तिचे होते. ठिगळ तिच्या रेनकोटाचं होतं. दाभण बोटात शिरलं तेव्हा ती केवढ्यानं ओरडली होती आणि कुणीतरी केवढ्यानं हसलं होतं, तेही तिला आठवलं.

तंबूच्या दारातून आधी एक हात आला, मग कमरेला धरून, कण्हत, माणूस आला. तिचा नवरा. म्हणजे एके काळचा.

भाची गाडीतून उडी मारून त्याच्याकडे सुसाट धावली. “काका! या वेळी आत्यापण आलीये!”

या वेळी. म्हणजे गेल्या वेळीही तो होता. कदाचित त्याच्याही आधी. आणि ताईला दर सुट्टीत भावाकडून कळायचं, “यंदा कुठं जमत नाहीये बघ आमचं.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. “तुला माहीत नव्हतं?” तो म्हणाला. “तुझा भाऊ म्हणाला, तुझी काही हरकत नाही. मी... मी निघतो.”

“नको,” ताई म्हणाली. “ती जागा पाठीला बरी आहे.”

ती खाली वाकून खुंट्या उपटायला लागली. ठोकताना सोप्या वाटलेल्या खुंट्या आता निघता निघत नव्हत्या. ज्या दिवशी घर सोडून ती भावाच्या दारात उभी राहिली, त्या दिवशी हाच भाऊ ओरडला होता, “त्याचं तोंड बघणार नाही मी जन्मात!” त्या एका वाक्यावर ती आजवर उभी होती. नवऱ्याची साथ गेली तेव्हा वाईट वाटलं होतं. आज पायाखालचं काहीतरी गेलं होतं.

भाऊ धावत आला. “ताई, ऐक ना. तो माझाही मित्र होता. तुमचं तुटलं म्हणून आमचंही तुटायलाच हवं का?”

“नको तुटायला. सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

“नसते आले. तेवढं तरी मला ठरवू द्यायचं होतंस.”

“आम्हाला वाटलं, एकदा समोरासमोर आलात की...” त्यानं तळ्याकडे हात केला. “आणि बघ तरी, किती सुंदर आहे! दोन वर्षं आम्ही कुठल्या कुठल्या गचाळ जागांवर गेलो. तुझ्यासारखी पारख कुणालाच नाही, हा सुद्धा म्हणत होता.”

म्हणजे तिच्याविषयी बोलणंही व्हायचं. शेकोटीभोवती बसून, खेळीमेळीत.

ताईनं शेवटची खुंटी ओढून काढली, मातीसकट पिशवीत टाकली आणि तंबू गुंडाळून उभी राहिली. फाटकापाशी कॅम्पचं ऑफिस होतं, तिथून शहराकडे जाणारी बस मिळते हे तिनंच महिन्याभरापूर्वी फोनवर विचारून ठेवलं होतं. कुणी आजारीबिजारी पडलं तर असावी म्हणून.

“ताई, अगं थांब. पोरगी काय म्हणेल?”

भाची पाण्यात पाय घालून बसली होती. काठाशी पाणी घोट्याएवढंच होतं. ताईनं ते नीट बघून घेतलं आणि मग भावाकडे वळली.

“जागा मी निवडली,” ती म्हणाली. “नवराही मीच निवडला होता, म्हणून त्याचा दोष कधी कुणाला दिला नाही. तुला निवडायची मात्र माझ्यावर कधी वेळच आली नव्हती रे.”